इटालियन भाषेतील अक्षरविभाजन आणि आघात : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

कोणत्याही भाषेचा इतिहास लिहिताना शब्दसंग्रह आणि व्याकरण यांना अग्रस्थान दिले जाते. शब्द कोठे तुटतो आणि त्यातील कोणत्या अक्षरावर जोर पडतो, हे प्रश्न बहुधा शालेय पाठ्यपुस्तकाच्या कक्षेतले मानले जातात. इटालियन भाषेच्या बाबतीत ही समजूत अपुरी ठरते. लॅटिन भाषेचे इटालियनमध्ये रूपांतर कसे झाले, दान्तेचे महाकाव्य कोणत्या मोजमापावर उभे राहिले, सोळाव्या शतकातील मुद्रकांनी आणि पंडितांनी कोणता वाद घातला आणि १८६१ मध्ये एकत्र आलेल्या राष्ट्राला समान उच्चार का सापडत नव्हता, या सर्व प्रश्नांच्या मुळाशी अक्षर आणि आघात यांचा परस्परसंबंध आहे. प्रस्तुत शोधनिबंधात या संबंधाचा ऐतिहासिक मागोवा घेण्यात आला आहे.

येथे ‘अक्षर’ ही संज्ञा लिपीतील चिन्ह या अर्थाने वापरलेली नाही. एका स्वराभोवती बांधलेला आणि एका झटक्यात उच्चारला जाणारा ध्वनिगट, असा तिचा अर्थ आहे. ज्याच्या शेवटी स्वर असतो ते स्वरान्त अक्षर आणि ज्याच्या शेवटी व्यंजन असते ते व्यंजनान्त अक्षर होय. शब्दातील एखादे अक्षर इतरांपेक्षा अधिक जोराने उच्चारले जाते, त्या जोरास ‘आघात’ म्हटले आहे.

उद्दिष्टे

१) लॅटिनमधील आघाताचा नियम आणि इटालियनमधील त्याची परिणती स्पष्ट करणे.
२) इटालियन अक्षरविभाजनाच्या प्रचलित नियमांची ऐतिहासिक साक्षीच्या आधारे तपासणी करणे.
३) काव्य, मुद्रण, शिक्षण आणि प्रसारण या क्षेत्रांत आघाताच्या प्रश्नाने घेतलेले स्वरूप मांडणे.

संशोधन पद्धती

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब करण्यात आला आहे.

लॅटिनचा वारसा : गुरुत्वाने ठरणारा आघात

अभिजात लॅटिनमध्ये स्वरांचे ऱ्हस्व-दीर्घत्व अर्थभेदक होते. दीर्घ स्वर वा संयुक्त स्वर असलेले अक्षर किंवा व्यंजनान्त अक्षर गुरू, तर ऱ्हस्व स्वरान्त अक्षर लघू मानले जाई. मराठी व संस्कृत छंदःशास्त्राच्या अभ्यासकास ही व्यवस्था परिचित वाटेल. मात्र लॅटिनमध्ये तिचा उपयोग केवळ वृत्तरचनेपुरता मर्यादित नव्हता. रोजच्या बोलण्यातील आघातही तीच ठरवीत असे. दोन अक्षरांच्या शब्दात आघात पहिल्या अक्षरावर येई. त्याहून मोठ्या शब्दात उपान्त्य अक्षर गुरू असल्यास आघात त्यावर आणि ते लघू असल्यास त्याच्या आधीच्या अक्षरावर पडे. ‘आमीकुस’ (मित्र) या शब्दातील ‘मी’ दीर्घ म्हणून आघात तेथे. ‘होनेस्तुस’ (सन्माननीय) या शब्दातील ‘नेस्’ व्यंजनान्त म्हणून आघात तेथे. ‘फेमिना’ (स्त्री) या शब्दातील ‘मि’ लघू म्हणून आघात मागे सरकून ‘फे’ वर. इ.स.च्या पहिल्या शतकातील वक्तृत्वशास्त्रज्ञ क्विंतिलिआन याने हा नियम नोंदविला आहे. ज्याला अक्षरांचे लघुगुरुत्व कळते त्याला आघात वेगळा शिकावा लागत नाही, हे या व्यवस्थेचे वैशिष्ट्य होते.

कालांतराने स्वरांच्या लांबीची ही जाणीव लोकांच्या उच्चारातून लोपली. संत ऑगस्टिन याने आपल्या ‘दे दोक्त्रिना ख्रिस्तियाना’ या ग्रंथाच्या चौथ्या खंडात याची मार्मिक साक्ष दिली आहे. लॅटिनमध्ये ‘ओस’ हा शब्द स्वर ऱ्हस्व असता ‘हाड’ आणि दीर्घ असता ‘मुख’ असा अर्थ देई. आफ्रिकेतील श्रोत्यांच्या कानांना हा भेद जाणवत नसल्यामुळे प्रवचनकाराने हाडासाठी ‘ओस्सुम’ हे अशिष्ट पण निःसंदिग्ध रूप वापरण्यास हरकत नाही, असे त्याचे प्रतिपादन आहे. व्याकरणशुद्धतेपेक्षा श्रोत्याचे आकलन मोलाचे, ही भूमिका एका प्रशिक्षित वक्तृत्वशिक्षकाने घ्यावी, यातच त्या काळातील बदलाची खोली दिसते.

लांबी लोपली, तरी आघात मात्र बहुतेक शब्दांत आपल्या जागेवरून हलला नाही. इटालियन ‘आमीको’, ‘ओनेस्तो’, ‘फेम्मिना’ या शब्दांत तो लॅटिनच्याच जागी आहे. आघाताभोवतालची दुर्बल अक्षरे मात्र गळत गेली. ‘आपेंदिक्स प्रोबी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या २२७ दुरुस्त्यांच्या प्राचीन यादीत ‘ओकुलुस म्हणावे, ओक्लुस नव्हे’, ‘कालिदा म्हणावे, काल्दा नव्हे’ अशा धर्तीच्या सूचना आहेत. यादीकर्त्याने ज्यांना चूक ठरविले त्याच रूपांतून पुढे इटालियन ‘ओक्किओ’ (डोळा) आणि ‘काल्दा’ (उष्ण) हे शब्द सिद्ध झाले. आघातयुक्त अक्षर टिकले आणि त्यामागचे लघू अक्षर पडले. आज शुद्ध मानली जाणारी इटालियन भाषा अशा प्रकारे जुन्या दुरुस्त्यांच्या यादीतील चुकांवर उभी आहे.

आघाताने ठरणारे गुरुत्व

इटालियनमध्ये लॅटिनचे मूळ सूत्र उलटे झालेले दिसते. लॅटिनमध्ये अक्षराचे गुरुत्व आघात ठरवीत होते. इटालियनमध्ये आघात अक्षराचे गुरुत्व ठरवितो. आघात असलेले अक्षर व्यंजनान्त असेल तर ते मुळातच गुरू असते. ते स्वरान्त असून शब्दाच्या शेवटी नसेल तर त्यातील स्वर लांबतो. ‘कारो’ (प्रिय) या शब्दातील पहिला स्वर लांब, तर ‘कार्रो’ (गाडी) या शब्दातील तोच स्वर आखूड उच्चारला जातो, कारण दुसऱ्या शब्दात ‘र’च्या द्वित्वाने अक्षर आधीच भरलेले आहे. ‘फातो’ (नियती) व ‘फात्तो’ (केलेले), ‘नोनो’ (नववा) व ‘नोन्नो’ (आजोबा) या जोड्यांतही हेच घडते.

आघात शब्दाच्या अखेरच्या स्वरावर असेल तर स्वर लांबत नाही. पुढील शब्दाचे आद्य व्यंजन द्वित्व पावते. तोस्काना व मध्य आणि दक्षिण इटलीतील उच्चारात ‘चित्ता बेल्ला’ (सुंदर नगर) हे ‘चित्ताब्बेल्ला’ असे ऐकू येते. एकाक्षरी ‘आ’ या अव्ययापुढेही तसेच होते. ‘आ कासा’ (घरी) हे ‘आक्कासा’ बनते. लेखनात सामान्यतः न दाखविले जाणारे हे द्वित्व ‘सोप्रात्तुत्तो’ (मुख्यतः), ‘दाव्वेरो’ (खरोखर) यांसारख्या जोडशब्दांत मात्र कायमचे नोंदले गेले आहे.

आघाताचा परिणाम स्वरांच्या संख्येवरही झाला. तोस्कन उच्चारात आघातयुक्त अक्षरात सात स्वर संभवतात, कारण ‘ए’ आणि ‘ओ’ यांचे विवृत व संवृत असे दोन-दोन प्रकार होतात. आघातहीन अक्षरात हा भेद मावळून पाचच स्वर उरतात.

अक्षरविभाजनाचे नियम व एक जुना वाद

इटालियन शब्द ओळीच्या अखेरीस तोडण्याचे नियम बहुतांशी सरळ आहेत. दोन स्वरांमधील एकटे व्यंजन पुढील स्वराकडे जाते : का-सा (घर). द्वित्व विभागले जाते : फात्-तो. ल, म, न, र यांच्यापुढे अन्य व्यंजन आल्यास जोडी तुटते : काम्-पो (शेत), आल्-तो (उंच). स्पर्श व्यंजनापुढे र वा ल असल्यास जोडी अखंड राहून पुढे जाते : ली-ब्रो (पुस्तक). संयुक्त स्वर एकत्र राहतात : पिए-दे (पाऊल). मात्र ‘पा-ए-से’ (देश), ‘पो-ए-ता’ (कवी) यांसारख्या शब्दांत लगतचे स्वर वेगळी अक्षरे बनतात. ओळीच्या अखेरच्या विभाजनाविषयी इटलीच्या राष्ट्रीय मानकीकरण संस्थेने १९६९ मध्ये स्वतंत्र मानकही प्रसिद्ध केले.

वादाचा मुद्दा आहे तो ‘स’ आणि त्यापुढील व्यंजन यांचा. शाळेतील नियम ‘पा-स्ता’, ‘मा-ए-स्त्रो’ असे विभाजन सांगतो. जो व्यंजनगट शब्दाच्या आरंभी येऊ शकतो त्याने अक्षराचाही आरंभ करावा, हा त्यामागील तर्क होय. भाषेच्या इतिहासाची साक्ष मात्र वेगळी आहे. तोस्कन बोलीत आघातयुक्त स्वरान्त अक्षरातील लॅटिन ऱ्हस्व ‘ए’ व ‘ओ’ यांचे संयुक्त स्वर झाले : ‘पेदेम’चे ‘पिएदे’, ‘बोनुम’चे ‘बुओनो’ (चांगला). व्यंजनान्त अक्षरात हा बदल झाला नाही : ‘सेप्तेम’चे ‘सेत्ते’ (सात), ‘कोर्नू’चे ‘कोर्नो’ (शिंग). या कसोटीवर ‘पेत्रा’ आणि ‘फेस्ता’ हे दोन लॅटिन शब्द तपासता येतात. ‘पेत्रा’पासून ‘पिएत्रा’ (दगड) झाले, म्हणजे ‘त्र’ पूर्णतः पुढील अक्षरात होता. ‘फेस्ता’ (उत्सव) मात्र इटालियनमध्ये ‘फेस्ता’च राहिले, म्हणजे ‘स’ आधीच्या अक्षरास बंद करीत होता. ‘तेस्ता’ (डोके), ‘नोस्त्रो’ (आमचा) हे शब्दही हेच सांगतात. ‘पास्ता’तील आघातयुक्त स्वर आजही ‘कारो’तील स्वराप्रमाणे लांबत नाही. तसेच ‘स’ व व्यंजन यांनी आरंभ होणाऱ्या पुल्लिंगी नामापूर्वी ‘इल’ऐवजी ‘लो’ हे उपपद येते, जसे ‘लो स्पेक्किओ’ (आरसा). उपपदाचा स्वर त्या ‘स’ला आधार देतो, असे याचे स्पष्टीकरण करता येते.

कान ‘पास्-ता’ ऐकतो आणि लेखणी ‘पा-स्ता’ लिहिते, हा विसंवाद त्यामुळे लक्षात घ्यावा लागतो. लेखनाचा नियम सोयीसाठी असतो; तो उच्चाराचे वर्णन आहे असे मानल्यास गफलत होते.

शब्दांचे आघातानुसार वर्ग

इटालियन व्याकरणपरंपरेने आघाताच्या स्थानावरून शब्दांचे वर्ग केले आहेत. अखेरच्या अक्षरावर आघात असलेला शब्द ‘त्रोंका’ म्हणजे छाटलेला, उपान्त्य अक्षरावर असलेला ‘पिआना’ म्हणजे सपाट आणि त्याच्या आधीच्या अक्षरावर असलेला ‘झ्द्रुच्चोला’ म्हणजे घसरणारा. आघात शेवटून चौथ्या अक्षरावर असलेले शब्दही आहेत, जसे ‘तेलेफोनानो’ (ते दूरध्वनी करतात), ज्यात आघात ‘ले’ वर येतो. क्रियापदाला सर्वनामे जोडल्यावर तो पाचव्या अक्षरापर्यंतही मागे जातो. बहुसंख्य शब्द पिआना वर्गातील आहेत.

‘छाटलेला’ ही संज्ञा ऐतिहासिकदृष्ट्या सार्थ आहे. लॅटिन ‘चिवितातेम’चे आधी ‘चित्तादे’ आणि नंतर ‘चित्ता’ (नगर) झाले. ‘वीर्तूतेम’चे ‘वीर्तूते’ आणि नंतर ‘वीर्तू’ (सद्गुण). दान्तेच्या काव्यात ‘वीर्तूते’ व ‘वीर्तू’ ही दोन्ही रूपे भेटतात. अशा शब्दांच्या अखेरच्या स्वरावर आज जे आघातचिन्ह सक्तीने लिहिले जाते, ते एका परीने गळून पडलेल्या अक्षराचीच खूण आहे.

काव्यातील मोजमाप

इटालियन काव्याचा प्रमुख चरण अकरा अक्षरांचा आहे. तथापि त्याची खरी व्याख्या अक्षरसंख्येने होत नाही. दहाव्या अक्षरावर अखेरचा अनिवार्य आघात असणे ही त्याची अट आहे. चरणान्ती पिआना शब्द असल्यास अक्षरे अकरा, त्रोंका असल्यास दहा आणि झ्द्रुच्चोला असल्यास बारा होतात. तरीही तिन्ही चरण ‘अकरा अक्षरी’च मानले जातात. शब्दान्तीचा स्वर व पुढील शब्दाचा आद्य स्वर एकाच अक्षरात मोजण्याची मुभाही कवीस असते. दान्तेने ‘दे वुल्गारी एलोक्वेन्तिआ’ या ग्रंथात या चरणास सर्वांत भारदस्त ठरविले आणि ‘दिव्हिना कोम्मेदिआ’च्या १४,२३३ ओळी त्यातच रचल्या.

असे असूनही लॅटिनच्या लघुगुरु वृत्तांचे आकर्षण विद्वानांना सुटले नाही. १४४१ मध्ये फ्लॉरेन्स येथे लोकभाषेतील काव्याची जी स्पर्धा भरली, तिच्यासाठी लेओन बात्तिस्ता आल्बेर्ती आणि लेओनार्दो दाती यांनी लॅटिन षट्पदीच्या धर्तीवर इटालियन रचना केल्या. १५३९ मध्ये क्लाऊदिओ तोलोमेई याने अशा ‘नव्या’ काव्याचे नियम उदाहरणांसह प्रसिद्ध केले. ज्या भाषेत स्वरांची लांबी आघातावर अवलंबून आहे तिला स्वतंत्र लघुगुरुव्यवस्था लादण्याचा हा प्रयत्न रुजणे शक्य नव्हते. जोसुए कार्दुच्ची याने १८७७ च्या ‘ओदी बार्बारे’ या संग्रहात निराळा मार्ग काढला. त्याने प्राचीन वृत्तांची लय इटालियन आघातांच्या साहाय्याने सूचित केली. प्राचीन ग्रीक-रोमन कानांना या रचना रानटी वाटतील, या जाणिवेतून त्याने संग्रहाचे नाव निवडले. आघात हाच इटालियन लयीचा पाया आहे, याची ही कबुली म्हणता येईल.

मुद्रण आणि सोळाव्या शतकातील मतभेद

१५०१ मध्ये व्हेनिस येथील मुद्रक आल्दो मानुत्सिओ याने पिएत्रो बेम्बो याने संपादित केलेले पेत्रार्कचे काव्य प्रसिद्ध केले. ग्रीक ग्रंथांच्या मुद्रणातील अनुभवाचा लाभ घेऊन या आवृत्तीत लोपचिन्हाचा आणि मर्यादित प्रमाणात आघातचिन्हाचा वापर करण्यात आला. १५२५ च्या ‘प्रोसे देल्ला वोल्गार लिंग्वा’ या ग्रंथात बेम्बोने आघाताच्या सौंदर्यपरिणामाचाही विचार केला आहे. उपान्त्यपूर्व आघाताने शब्दास हलकेपणा, अन्त्य आघाताने जडपणा आणि उपान्त्य आघाताने समतोल येतो, असे त्याचे मत होते.

जानजोर्जो त्रिस्सिनो याची भूमिका अधिक धाडसी होती. विवृत व संवृत ‘ए’ आणि ‘ओ’ यांचा भेद रोमन लिपी दाखवीत नाही, म्हणून त्याने १५२४ मध्ये ग्रीक लिपीतील अक्षरे घेण्याची सूचना केली. फ्लॉरेन्स व सिएना येथील लेखकांनी तीवर कडाडून टीका केली. स्वरांसाठीची ही चिन्हे मागे पडली; ‘उ’ आणि ‘व’ यांच्यासाठी भिन्न चिन्हे वापरण्याची त्याची सूचना मात्र पुढे सर्वमान्य झाली. बेम्बोचा आदर्श चौदाव्या शतकातील फ्लॉरेन्सच्या लिखित साहित्याचा होता आणि तोच विजयी ठरला. परिणामी प्रमाण इटालियन ही मुख्यतः वाचनाची भाषा राहिली आणि त्या लेखनात अन्त्य आघाताखेरीज अन्य आघात दाखविण्याची प्रथा पडली नाही.

राष्ट्रीय एकीकरण आणि उच्चाराचा प्रश्न

या निवडीची किंमत १८६१ नंतर स्पष्ट झाली. तुल्लिओ दे माउरो यांनी १९६३ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार एकीकरणाच्या वेळी इटालियन बोलू शकणाऱ्यांचे प्रमाण सुमारे २.५ टक्के होते. आर्रिगो कास्तेल्लानी यांनी पुढे ते सुमारे १० टक्के असल्याचे प्रतिपादन केले. कोणताही आकडा स्वीकारला तरी बहुसंख्य नागरिक प्रादेशिक बोली बोलत होते आणि इटालियन भाषा त्यांना पुस्तकातून शिकावयाची होती. आलेस्सांद्रो मान्झोनी याने १८६८ च्या अहवालात फ्लॉरेन्सची जिवंत बोली शिक्षकांच्या द्वारे देशभर पसरविण्याचा आग्रह धरला. ग्राझिआदिओ आस्कोली याने १८७३ मध्ये त्यास विरोध करून शिक्षण व बौद्धिक व्यवहार यांच्या विस्तारातूनच समान भाषा घडेल, असे मत मांडले.

पुस्तकातून भाषा शिकणाऱ्यापुढील अडचण एका उदाहरणाने स्पष्ट होईल. ‘कापितानो’ हा लिखित शब्द ‘का’वर आघात दिल्यास ‘घडतात’ असा अर्थ देतो आणि ‘ता’वर दिल्यास ‘कप्तान’ असा. अखेरच्या ‘नो’वर आघात आल्यास ‘त्याने नेतृत्व केले’ असा अर्थ होतो. यांपैकी केवळ तिसऱ्या रूपावर चिन्ह लिहिले जाते. ‘आंकोरा’ (‘नांगर’ किंवा ‘पुन्हा’), ‘प्रिंचिपी’ (‘राजपुत्र’ किंवा ‘तत्त्वे’) हेही असेच शब्द आहेत. संदर्भाने अर्थ कळतो. पण ज्याने शब्द कधी ऐकलाच नाही त्याला आघात कसा कळावा? लॅटिनप्रमाणे अक्षराच्या गुरुत्वावरून अनुमान करावे, तर उपान्त्य स्वरान्त अक्षराची प्राचीन लांबी इटालियन लेखनात उरलेली नाही.

‘रुब्रिका’ (संपर्कवही वा सदर), ‘सालुब्रे’ (आरोग्यदायी), ‘एदिले’ (बांधकामविषयक) या शब्दांत लॅटिन दीर्घ स्वरामुळे उपान्त्य आघात प्रमाण मानला जातो, तरी अनेक वक्ते तो पहिल्या अक्षरावर देतात. ग्रीकमधून आलेल्या शब्दांत तर दोन परंपरांचा संघर्ष आहे. ‘फिलोसोफिआ’ (तत्त्वज्ञान) ग्रीक आघातानुसार ‘फि’वर, तर ‘कोम्मेदिआ’ लॅटिन नियमानुसार ‘मे’वर उच्चारतात. ‘झाफ्फिरो’ (नीलमणी) या शब्दात दोन्ही आघात मान्य आहेत. दक्षिणेतील तारान्तो हे नगरनाम पहिल्या अक्षरावर आघात घेते. लॅटिन ‘तारेन्तुम’मध्ये तो ‘रेन्’वर होता, आजचा आघात तेथील प्राचीन ग्रीक वसाहतीच्या भाषेची साक्ष देतो. म्हणजे लिखित रूपात न दिसणारा आघात कधी कधी इतिहासाचे साधनही ठरतो.

प्रसारण आणि प्रमाणीकरण

१९२४ मध्ये इटलीत नियमित नभोवाणी सुरू झाली आणि उच्चाराचा प्रश्न घरोघरी पोहोचला. १९३९ मध्ये फॅसिस्ट राजवटीतील नभोवाणी संस्थेने जुलिओ बेर्तोनी व फ्रान्चेस्को उगोलिनी यांची उच्चार-मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. रोम व फ्लॉरेन्स यांच्या उच्चारात भेद असेल तेथे राजधानीस झुकते माप देण्याचे तिचे धोरण होते. भाषिक निवडीमागील राजकीय आशय त्यात उघड दिसतो. १९५४ मध्ये दूरचित्रवाणी सुरू झाली. १९६९ मध्ये ब्रुनो मिल्योरिनी, कार्लो ताल्याविनी व पिएरो फिओरेल्ली यांचा शुद्धलेखन व उच्चारकोश राष्ट्रीय प्रसारण संस्थेच्या पुढाकाराने प्रकाशित झाला. तत्पूर्वी १९६७ मध्ये आघातचिन्हाच्या अनिवार्य वापराचे राष्ट्रीय मानक निश्चित झाले होते. अनेकाक्षरी त्रोंका शब्दांवर आणि अर्थभेदासाठी काही एकाक्षरी शब्दांवर चिन्ह सक्तीचे आहे. शब्दाच्या मध्यभागी ते ऐच्छिकच राहते.

स्पॅनिश भाषेने नियमाला अपवाद ठरणाऱ्या प्रत्येक शब्दावर आघातचिन्ह देऊन हा प्रश्न सोडविला. इटालियनने तसे केले नाही. त्यामुळे चुकीचा आघात हे वक्त्याच्या अज्ञानाचे लक्षण समजले जाते आणि हा दोष प्रामुख्याने ज्यांच्या घरी प्रमाण भाषा बोलली जात नव्हती, ज्यांनी ती छापील पानावरून मिळविली, अशांच्या वाट्यास येतो.

निष्कर्ष

१) लॅटिनमध्ये अक्षराचे गुरुत्व आघात ठरवीत होते, इटालियनमध्ये आघात गुरुत्व ठरवितो. या उलथापालथीत आघाताचे स्थान बहुधा टिकले, परंतु ते ओळखण्याचा नियम हरपला.
२) ‘स’युक्त व्यंजनगटाचे शालेय विभाजन हा लेखनसंकेत आहे. संयुक्त स्वरांचा इतिहास, स्वरांची लांबी आणि उपपदांचा वापर यांची साक्ष त्याच्या विरुद्ध जाते.
३) इटालियन काव्याचे मोजमाप अखेरच्या आघातावर अवलंबून आहे; लघुगुरु वृत्तांचे प्रयोग म्हणूनच रुजले नाहीत.
४) सोळाव्या शतकात लिखित आदर्श स्वीकारताना उच्चाराची नोंद लेखनाबाहेर राहिली. त्याचा भार पुढे शाळा, नभोवाणी व दूरचित्रवाणी यांना वाहावा लागला.

आघाताची चूक ही केवळ व्यक्तीची चूक नसते. लेखनव्यवस्थेने जे सांगितले नाही ते वाचकाने जाणावे, अशी अपेक्षा तिच्यामागे असते. ऑगस्टिनने आपल्या श्रोत्यांच्या कानांना दोष न देता आपला शब्द बदलला होता. पुस्तकातून प्रमाण भाषा मिळविणाऱ्या विद्यार्थ्याच्या उच्चाराचे मूल्यमापन करताना ही दृष्टी शिक्षकास आजही मार्गदर्शक ठरावी.